विकलेल्या रजा

विल्फ्रेड ओक्सचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. कतारमधल्या दुखानच्या तेलाच्या कँपात भोंगा साडेपाचला वाजे, काम सहाला लागे. चारला उठायची सक्ती कुणालाच नव्हती. पण उन्हाळ्यात नऊ वाजून गेले की तिथं लोखंडाला उघडा हात लावता येत नाही. ज्याला हातानं काम तपासायचं आहे त्यानं ते नऊच्या आत तपासावं. टाकीतलं पाणी रात्रीत जेवढं निवेल तेवढ्यानं तो तोंड धुवायचा, कपभर काळा चहा घ्यायचा आणि अर्धा मैल चालत पंपघरात जायचा. तिथं पाइपाच्या एकेका जोडावरून तळहात फिरवायचा. ओल लागली की खडूनं फुली. सहाला माणसं येत तेव्हा फुल्या पाहूनच त्यांना दिवस किती जड जाणार ते कळे.

ही सवय त्याला वाळवंटानं लावली नव्हती. त्याचा बाप इंग्लंडातल्या एका खेड्यात दुसऱ्याच्या गोठ्यावर गडी होता. चाळीस गाई, दोन वेळा धारा, पहिली धार पाचला. घरातले सगळे चारला उठत. घर गोठ्याला लागूनच होतं, खाली दोन खोल्या, वर दोन. घर मालकाचं. नोकरी आहे तोवर घर आहे, नोकरी सुटली की येत्या शनिवारी घर सोडायचं, अशी तिकडची रीत. भाडं वेगळं द्यावं लागत नसे. बापाचं अंग हेच भाडं.

अकराव्या वर्षी विल्फ्रेडनं एक परीक्षा दिली आणि त्या गावातून त्या वर्षी तो एकटा पास झाला. त्याला सात मैलांवरच्या बाजारगावच्या ग्रामर स्कूलमध्ये जागा मिळाली. या शाळेत लॅटिन आणि भूमिती शिकवत. तिथली पोरं पुढं बँकेत, सरकारी कचेरीत जात, एखाद-दुसरं युनिव्हर्सिटीत जाई. गड्याच्या घरातून तिथं आजवर कुणी गेलेलं नव्हतं. आईनं दोन हिवाळे कोंबड्यांची अंडी विकून शाळेचा कोट आणि टोपी केली होती. पोरगा सकाळी गोठा झाडून सायकलवर बसायचा आणि सात मैल पायडल मारून वर्गात जायचा. लॅटिन त्याला फारसं जमलं नाही. भूमिती जमली. रेघ मारली की ती खरी असते आणि मालकाला विचारून खरी होत नाही, हे त्याला आवडलं असावं.

पस्तीस सालच्या हिवाळ्यात एका गाईनं बापाला भिंतीशी दाबलं. कमरेचं हाड मोडलं. तिसऱ्या दिवशी मालक दारात आला.

"गोठ्यावर माणूस लागतो," तो आईला म्हणाला. "घरात राहायचं तर घरातल्या कुणीतरी काम केलं पाहिजे. पोरगा चौदाचा झाला ना?"

रविवारी शाळेचे हेडमास्तर स्वतःच्या मोटारीतून आले. बापाच्या खाटेशी अर्धा तास बसले. अजून तीन वर्षं द्या, म्हणाले, हा मुलगा पुढं जाईल.

बाप म्हणाला, "तीन वर्षं आम्ही कुठं राहायचं तेवढं सांगा."

हेडमास्तर चांगले गृहस्थ होते. ते हॅट घेऊन उठले. सोमवारी पहाटे पाचला विल्फ्रेड धारेला बसला. घर राहिलं, शाळा गेली. आईनं टोपी कागदात गुंडाळून कपाटात ठेवली.

पुढं बाप काठी टेकत का होईना कामावर उभा राहिला. लढाई आली तेव्हा विल्फ्रेड पलटणीत गेला. बसऱ्याला हिंदी पलटणींच्या गाड्या दुरुस्त करता करता फिटर झाला आणि कामापुरती हिंदुस्थानी शिकला. एकोणपन्नास साली बाप वारला. म्हातारा मालक आईला म्हणाला, मी आहे तोवर राहा. म्हातारा किती दिवस असणार, हे विल्फ्रेडला कळत होतं. आईसाठी कायमचं छप्पर करायचं तर गावच्या मजुरीत ते व्हायचं नाही, हेही कळत होतं. पन्नास साली तो कतारला आला. त्यानं लग्न केलं नाही. का, ते कुणी विचारलं नाही.

दुखानला त्याच्या हाताखाली पाच कोकणी माणसं होती, सगळी रत्नागिरीकडची मुसलमान. त्यांचा मुकादम नसरुद्दीन, जयगड खाडीकाठचा, पूर्वी आगबोटीच्या इंजिनखोलीत काम केलेला, साहेबापेक्षा पाच वर्षांनी मोठा. बाकीचे त्याला चाचा म्हणत. साहेबाचं नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यांच्यातला सर्वांत तोंडाळ, वली नावाचा, म्हणाला, "ओक? चिपळूणला ओक भटजी हायत. हे त्यातलेच का, चाचा?"

"विचार की," नसरुद्दीन म्हणाला. "पण आधी तो जोड खोल. भटजीबुवांनी फुली मारलीय."

काम शिकवायची ओक्सची पद्धत एकच. स्वतः करून दाखवायचं, मग बाजूला उभं राहायचं. दोन पाइप जोडताना मधे गॅस्केट, गळती अडवणारी चकती, घालतात आणि कडेनं सोळा बोल्ट आवळतात. शेजारचे बोल्ट ओळीनं आवळत गेलं तर काम निम्म्या वेळात होतं आणि गॅस्केट एका बाजूला चिरडतं. समोरासमोरचे आवळायचे, पहिल्या फेरीत हलके, दुसरीत मध्यम, तिसरीत पूर्ण. सोळा बोल्ट, तीन फेऱ्या. एकदा वलीनं दोन फेऱ्यांत उरकलं. ओक्सनं सोळाही बोल्ट सैल केले आणि पाना त्याच्या हातात दिला. बाहेर छपराच्या सावलीत बसलेला अल खोर गावचा ट्रकवाला, यल्ला, यल्ला, चला लवकर, म्हणून ओरडत होता. तो तासभर थांबला. जोड मात्र पुढं नऊ वर्षं ओला झाला नाही. हे मुद्दाम सांगायचं, कारण अशा कामाची कुठं नोंद राहत नाही.

एका वर्षी समुद्राकडं जाणारी पाइपलाइन एका खडकाला वळसा घालून न्यायची होती. तुकडे कोणत्या कोनात कापायचे यावर नवा इंजिनियर वही घेऊन बसला होता. बावीस-तेवीस वर्षांचा, नुकताच विलायतेहून आलेला. ओक्सनं पाइपावरच खडूनं त्रिकोण काढला, बाजूला दोन आकडे लिहिले आणि वलीला सांगितलं, इथं काप.

"भटजींनी पंचांग काढलं," वली पुटपुटला आणि करवतीला बसला.

तुकडा बसला. इंजिनियरनं विचारलं, "हे कुठं शिकलात?"

ओक्सनं शाळेचं नाव सांगितलं.

"अरे, म्हणजे ग्रामर स्कूल! मीही ग्रामर स्कूलचाच. तुमचं कोणत्या साली पुरं झालं?"

"झालं नाही," ओक्स म्हणाला आणि खडूची रेघ बोटानं पुसली.

एकोणसाठ साली गावचा म्हातारा मालक गेला. त्याच्या मुलाचं पत्र आलं. गोठ्यावर नवीन गडी ठेवायचा आहे, त्याला घर लागेल. तुम्हाला घर विकतच घ्यायचं असेल तर माझी ना नाही, पण रक्कम एकदम पाहिजे. एकसष्टच्या सप्टेंबरअखेरपर्यंत थांबतो.

ओक्सनं पत्र चारदा वाचलं आणि नसरुद्दीनला सांगितलं. दहा वर्षांत दोघांत एवढं झालं होतं. विश्रांतीच्या वेळी साहेबलोक पंख्याखाली जाऊन बसत. हे दोघं वर्कशॉपच्या मागच्या भिंतीशी पाइपाच्या तुकड्यांवर बसायचे.

"रजा कधी आहे तुमची?" नसरुद्दीननं विचारलं.

"पुढच्या साली."

"विका."

ही रीत कोकणी लोकांची. कंपनी दर दोन वर्षांनी तीन महिन्यांची रजा देई, जायचं-यायचं भाडंही देई. जो जाणार नाही त्याला तीन महिन्यांचा पगार आणि भाडं रोख मिळे. त्याला सगळे रजा विकणं म्हणत. नसरुद्दीननं तोवर दोन विकल्या होत्या. खाडीकाठी त्याचं घर चढत होतं, जांभ्या चिऱ्यांचं. एका रजेत जोतं, दुसरीत भिंती. त्याची बायको खतिजा त्या भिंतींच्या आत सासूला आणि तीन मुलींना घेऊन राहत होती. धाकट्या मुलीनं बापाला एकदाच पाहिलं होतं.

"घर एकदा झालं की मग जायचं, कायमचं," नसरुद्दीन म्हणाला. "मधे मधे गेलं की पैसा बोटीत जातो. गडी तो गडीच राहतो."

ओक्सला हे पटलं. कामाच्या माणसाला पटण्यासारखंच ते आहे. अठ्ठावन्न सालच्या रजेत आई त्याला बस थांब्यापर्यंत पोचवायला आली होती, काठीशिवाय. साठची रजा त्यानं विकली.

तरी एकसष्टच्या सप्टेंबरपर्यंत रक्कम पुरी झाली नाही. मालकाच्या मुलानं शब्द पाळला, म्हणजे तारीख पाळली. नवीन गडी बायको-पोरांना घेऊन घरात आला आणि आईला कौंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, वृद्धाश्रमात नेलं. वृद्धाश्रम हा शब्द नवा होता, इमारत जुनी होती. पूर्वी ते निराधारांना कोंडायचं घर होतं. तिथं नवरा-बायकोला वेगळं ठेवत आणि भाकरीच्या बदल्यात खडी फोडायला लावत. आईच्या पिढीची माणसं त्या फाटकावरून जाताना पलीकडच्या बाजूनं जात. मरण तिथं येऊ नये, एवढंच ती देवाकडं मागत.

आईची पत्रं येत राहिली. ती कमी शिकलेली होती, पत्र अर्ध्या पानाचं असे. बासष्टच्या मार्चमध्ये तिनं लिहिलं, "माझ्या खिडकीतून धोबीखाना दिसतो. जेवण वेळेवर देतात. तुझी रजा आता आलीच असेल. ये."

ओक्सनं ते भिंतीशी बसून नसरुद्दीनला हिंदुस्थानीत वाचून दाखवलं.

"बोलावतेय," नसरुद्दीन म्हणाला.

"घर मागतेय ती," ओक्स म्हणाला. "धोबीखाना लिहिलाय बघ. तिथं किती वाईट आहे ते सरळ लिहिणार नाही ती. मी आत्ता गेलो तर काय करणार? तिच्या खाटेशी बसणार आणि परत येणार. ती तिथंच राहणार. ही एक रजा विकली की घर होतं. मग तिला हाताला धरून घरी नेतो."

"ये, एवढंच लिहिलंय, साहेब."

"तुझी खतिजा काय लिहिते?"

खतिजाची पत्रं गावचा मास्तर लिहून द्यायचा, आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी तेच असायचं, या. नसरुद्दीननं दर वेळी उत्तरादाखल चिऱ्यांचे पैसे पाठवले होते. ज्यानं रीत शिकवली त्याला आता ती मोडायला सांगणं जमेना. बासष्टची रजाही ओक्सनं विकली.

त्रेसष्टच्या जानेवारीत रक्कम पुरी झाली. त्याच आठवड्यात मालकाच्या मुलाचं पत्र आलं की गाई परवडत नाहीत, गोठा बंद करतो आहे. गड्याला नोटीस दिली आहे, अजून घ्यायचं असेल तर मार्चअखेर घर रिकामं मिळेल. ओक्सनं बँकेतून पैसे पाठवले आणि आईला पत्र लिहिलं. त्याची सगळी पत्रं चार ओळींची असत, हे दीड पान झालं. एप्रिलमध्ये मी स्वतः येतो. तू तुझं सामान बांधून ठेव. चुलीशी तुझी खुर्ची कुठं होती ते मला आठवतं, तिथंच ठेवू.

तो हिवाळा इंग्लंडात फार कडक गेला. बर्फानं रस्ते बंद झाले, टपाल अडलं.

फेब्रुवारीत एका सकाळी दुखानला मोठ्या पंपाचं काम चाललं होतं. वली कचेरीतून तार घेऊन आला. ओक्स गुडघ्यावर होता, हातात पाना, दुसरी फेरी अर्ध्यावर.

"साहेब, तार आलीय."

"थांब."

"साहेब, विलायतची हाय."

"हातात काम आहे, वली."

वली उभा राहिला. ओक्सनं दुसरी फेरी संपवली, मग तिसरी, सोळाही बोल्ट. शेवटचा आवळून झाल्यावर जोडावरून तळहात फिरवला. मग हात पुसून तार घेतली. आई गेली होती. दफन दुसऱ्या दिवशी होतं.

नसरुद्दीन आला आणि शेजारी बसला. "मातीला तरी पोचता येईल का?"

"विमान परवाचं आहे."

नसरुद्दीननं जमिनीवरचा पाना पेटीत ठेवला आणि म्हणाला, "ही रीत मी शिकवली तुम्हाला."

"शिकवलीस तू. विकली मी."

त्या आठवड्यात नसरुद्दीननं कचेरीत अर्ज दिला. कारकुनानं न बघताच विचारलं, "विकायची ना, नेहमीसारखी?"

"नाय. जायचंय."

"चाचा, माडी अर्धी हाय तुमची," वली म्हणाला. "वर पत्रे मारणार का काय?"

"माडी राहू दे. म्हातारी जिती हाय तवर जाऊन येतो."

ओक्स एप्रिलमध्ये इंग्लंडला गेला. वृद्धाश्रमातल्या बाईनं त्याला एक पुडकं दिलं. चष्मा, लोकरीचे हातमोजे, एक कंगवा आणि दोऱ्यानं बांधलेली त्याची पत्रं. सगळ्यांत वरचं न फोडलेलं. बर्फामुळं उशिरा आलं, बाई म्हणाली, त्या गेल्यानंतर दुसऱ्या दिवशी. आणि मग, काहीतरी बोलायचं म्हणून, ती म्हणाली, "तुमच्या आईला इथं तशी तक्रार नव्हती. घराची तर कधी आठवणही काढली नाही त्यांनी. फक्त फाटकात मोटार वाजली की खिडकीशी जायच्या. माझा मुलगा लांब असतो, त्याच्या रजेची वेळ झाली आहे, म्हणायच्या."

ओक्सनं पुडकं काखेत घेतलं. त्या खिडकीशी जाऊन उभा राहिला. धोबीखाना दिसत होता, आणि त्याच्या बाजूला फाटक. फाटकाचं तिनं पत्रात कधी लिहिलं नव्हतं.

तिथून तो घराकडं गेला. घर आता त्याचं होतं, कागद वकिलाकडं तयार होते. दार उघडंच होतं. आत गड्याची बायको वर्तमानपत्रात ताटं गुंडाळून खोक्यात भरत होती. मार्च संपून आठवडा झाला होता आणि ती अजून तिथंच होती, म्हणून ती घाबरली. नवरा मागल्या दारानं आला, टोपी काढली.

"शनिवारपर्यंत निघतो, सर. एवढा शनिवार."

या दारात आजवर ओक्स नावाच्या कुणाला सर म्हटलं गेलं नव्हतं.

"कुठं जाणार?"

गड्यानं बायकोकडं पाहिलं. "काम बघतोय. तोवर कौंटी ठेवतेय कुठंतरी. तिला आणि पोरांना त्या जुन्या इमारतीत, वृद्धाश्रमाच्या मागच्या अंगाला. पुरुषांना तिथं घेत नाहीत. मी बघीन माझं."

ओक्स माडीवर गेला. चार पोरांचे बिछाने होते. कोपऱ्यात बादली होती आणि तिच्यात वरून पाणी ठिबकत होतं. तो किती वेळ वर उभा होता कुणास ठाऊक. आईची खुर्ची ठेवायची ती जागा त्यानं खाली आल्यावर पाहिली. तिथं आता पोरांचे बूट ओळीनं वाळत होते.

"ताटं परत मांडा," तो बाईला म्हणाला.

तिला समजलं नाही. त्यानं पुन्हा सांगितलं. मग गड्याला म्हणाला, "मला इथं राहायचं नाही. काम मिळेल तेव्हा भाडं द्या, जमेल तेवढं. नाही मिळालं तर वकिलाला तसं कळवा, घर सोडू नका." गड्यानं काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. ओक्सनं त्याला छपराचं विचारलं. किती कौलं फुटलीत, वासे कुठपर्यंत कुजलेत. दोघं शिडी लावून वर चढले आणि संध्याकाळपर्यंत वरच होते.

तीन महिन्यांची बिनपगारी रजा त्यानं पाच आठवड्यांत संपवली. दुखानला परतला तेव्हा नसरुद्दीनही गावाहून आला होता, गालफडं भरलेली, मेंदीनं दाढी रंगवलेली. आईनं पाजलेलं दूध अंगी लागलंय, असं वली सगळ्यांना सांगत होता. भिंतीशी बसल्यावर नसरुद्दीननं विचारलं, "घर कसं हाय, साहेब?"

"भिंती चांगल्या आहेत. छप्पर गेलंय."

"राहतंय कोण?"

ओक्सनं सांगितलं. नसरुद्दीननं ऐकून घेतलं. गावाहून आणलेल्या आंब्याच्या वडीचा तुकडा त्यानं साहेबाच्या हातावर ठेवला आणि दुसरा स्वतःच्या तोंडात टाकला.

चौसष्टची रजा आली तेव्हा ओक्सनं ती विकली. कारकुनानं पावती पुढं सरकवली, त्यानं सही केली. त्या पैशांतून घराचे कुजलेले वासे काढून नवे घातले, कौलं बदलली, आणि गड्याची चार पोरं, ज्यांनी ओक्सला आयुष्यात एकदाच पाहिलं होतं, त्या हिवाळ्यात कोरड्या माडीवर झोपली.